एकच ऑप्टिमस प्राइम घ्यायचा असेल तर: चार खेळण्यांचा तुलनात्मक आढावा

रूप बदलणाऱ्या रोबोटांच्या खेळण्यांकडे मोठेपणी वळणाऱ्या माणसासमोर पहिला प्रश्न बहुधा ऑप्टिमस प्राइमचाच येतो. लाल-निळ्या ट्रकमधून उभा राहणारा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेतला हा रोबोट १९८४ पासून इतक्या वेळा नव्याने घडवला गेला आहे की, ‘मला तो हवा आहे’ असे म्हटल्याबरोबर ‘त्यातला कोणता?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि त्याचे उत्तर केवळ किमतीवरून किंवा छायाचित्रांवरून देता येत नाही. या लेखात चार पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आहेत: मूळ १९८४ च्या खेळण्याचा सुधारित अवतार असलेला ‘मिसिंग लिंक’ मालिकेतील सी-०१ (२०२४), हॅस्ब्रोच्या ‘अर्थराइज’ मालिकेतील ‘लीडर’ या आकारवर्गाचा ऑप्टिमस (२०२०), आणि टाकारा टोमीच्या ‘मास्टरपीस’ मालिकेतील दोन, म्हणजे एमपी-१० (२०११) व एमपी-४४ (२०१९).

चौघांची तुलना करताना मी एक कसोटी इतर सर्व कसोट्यांच्या वर ठेवली आहे. अशा खेळण्याची गुणवत्ता ना ट्रकमध्ये असते, ना रोबोटमध्ये. ती या दोन रूपांच्या मधल्या प्रवासात असते. ट्रकचा कोणता भाग रोबोटचा कोणता अवयव झाला, तो तिथे का गेला, आणि हे करताना हाताला ते पटत गेले का, हे पाहायचे. रोबोट देखणा असला तरी त्याच्या पाठीवर ट्रकचा अर्धा सांगाडा घड्या घालून लटकवलेला असेल, तर तो देखणा पुतळा ठरेल, देखणे रूपांतर ठरणार नाही.

मूळ आराखडा इतका टिकाऊ का ठरला

हे खेळणे ऑप्टिमस प्राइम म्हणून जन्माला आलेले नाही. जपानच्या टाकारा (आजची टाकारा टोमी) कंपनीने १९८० मध्ये ‘डायक्लोन’ नावाची मालिका सुरू केली होती आणि तिच्यातील मोटारींचे रोबोट १/६० या प्रमाणात बनवले जात. त्यांच्यात पायाला लोहचुंबक असलेले, बोटाच्या पेराएवढे चालक बसवता येत. रोबोटांना स्वतःचे व्यक्तिमत्त्व नव्हते, ती माणसांनी चालवायची यंत्रे होती. ‘बॅटल कॉन्व्हॉय’ हा ट्रक १९८३ मधला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हॅस्ब्रोने टाकाराच्या दोन वेगवेगळ्या मालिकांमधली खेळणी एकत्र करून ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली, मार्व्हलच्या लेखकांनी त्यांना नावे आणि स्वभाव दिले, आणि ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव डेनी ओ’नील यांनी सुचवले. मूळ खेळण्यातले जे काही आज विचित्र वाटते, म्हणजे सुटे मूठपंजे किंवा शस्त्रसज्ज तळात उलगडणारा ट्रेलर, त्याचे मूळ या डायक्लोनच्या जगात आहे.

आराखड्याचे खरे सामर्थ्य मात्र ट्रकच्या निवडीत आहे. हा ट्रक चपट्या तोंडाचा आहे, म्हणजे चालक इंजिनाच्या वर बसतो आणि पुढे बॉनेट नसते. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा प्रकार सर्रास दिसतो. अमेरिकेत मात्र १९८२ मध्ये ट्रेलरच्या लांबीचे नियम शिथिल झाल्यानंतर तो हळूहळू मागे पडला. खेळण्याच्या दृष्टीने चपट्या तोंडाचा फायदा असा की केबिनचा दर्शनी भाग हीच रोबोटची छाती होते. समोरच्या दोन काचा छातीवर येतात, जाळी पोटावर येते, आणि मागचा सांगाडा पाय होतो. काहीही लपवावे लागत नाही आणि काहीही खोटे लावावे लागत नाही. २००७ च्या चित्रपटासाठी लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ निवडला गेला, तेव्हा ते लांब बॉनेट रोबोटच्या अंगावर कुठे ठेवायचे हा प्रश्न पुढच्या प्रत्येक आरेखकाला नव्याने सोडवावा लागला. मूळ आराखड्यात तो प्रश्नच नव्हता.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी लागते. १९८४ मध्येच आलेल्या कार्टून मालिकेसाठी चित्रकारांनी या खेळण्याची सोपी, गोलाईदार आकृती काढली. चित्राला बिजागऱ्यांची गरज नसते. कार्टूनमध्ये रूपांतराच्या वेळी ट्रेलर सरळ दिसेनासा होतो आणि कोणी त्याची चौकशी करत नाही. त्यामुळे १९८४ पासूनच ऑप्टिमस प्राइम दोन झाले, एक खेळण्यातला आणि एक चित्रातला, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक आरेखकाला या दोघांपैकी कोणाशी इमान राखायचे हे ठरवावे लागले. आपले चार पर्याय वेगळे ठरतात ते नेमके याच निर्णयामुळे.

मिसिंग लिंक सी-०१

हा पर्याय कोणतीही तडजोड न करता खेळण्याच्या बाजूने उभा राहतो. मूळ खेळणे हातात घेतले तर त्याचे रूपांतर मोजक्या हालचालींत होते: केबिन आणि मागचा भाग सरळ रेषेत आणायचा, पावले वळवायची, बाजूंचे हात मोकळे करायचे, छपराचा भाग उलटून डोके वर आणायचे आणि सुटे पंजे मनगटात बसवायचे. लहान मुलाला सूचनापत्र न पाहता जमेल इतके ते सरळ आहे. पण उभा राहिलेला रोबोट ताठ असतो. हात थोडेफार फिरतात, कंबरेखाली मात्र पोझ देण्याजोगे सांधे जवळजवळ नाहीत. सी-०१ मध्ये टाकारा टोमीने बाहेरची रेषा आणि रूपांतराची ती पद्धत तशीच ठेवली आणि आतमध्ये आजच्या काळातले सांधे बसवले, म्हणजे मान वळते, गुडघे वाकतात, पाऊल टेकवता येते. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण जुन्या आराखड्यात नव्या सांध्यांसाठी जागा मुळात सोडलेलीच नव्हती. सी-०१ ट्रेलरसह येतो. कार्टूनच्या रंगसंगतीतला सी-०२ ट्रेलरशिवाय.

ज्यांनी लहानपणी हे खेळणे मित्राकडे, दुकानाच्या काचेआड किंवा परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेत पाहिले असेल, त्यांच्यासाठी यापेक्षा योग्य पर्याय मला दिसत नाही. जुने, खरोखरचे १९८४ चे खेळणे घेण्यापेक्षाही मी तो सुचवेन. जुन्या नगांमध्ये धुराच्या नळ्या वाकलेल्या किंवा तुटलेल्या असतात, पंजे हरवलेले असतात, चकाकीचा मुलामा घासलेला असतो, स्टिकरच्या कडा उचकटलेल्या असतात, आणि पूर्ण नगाची किंमत खेळण्यासाठी न राहता त्याच्या वयासाठी मोजावी लागते. २००० नंतर मूळ साच्यांतून किंवा त्यांच्या नकलेवरून वेळोवेळी काढलेली पुनर्निर्मिती स्वस्त पडते, पण तिच्यात ताठपणा तसाच राहतो. तथापि ज्याला या खेळण्याची कोणतीही आठवण नाही, त्याला सी-०१ चे चौकोनी खांदे आणि आखूड चेहरा कदाचित ओबडधोबड वाटेल. ते वाटणे चुकीचे नाही.

अर्थराइज लीडर

चौघांत हा सर्वांत स्वस्त. २०२० मध्ये अमेरिकेत त्याची छापील किंमत ४९.९९ डॉलर होती. खोक्यावर ‘लीडर’ असा मोठा वर्ग लिहिलेला असला तरी त्यातील रोबोट एका पायरीने लहान, म्हणजे ‘व्हॉयेजर’ वर्गाएवढा, साधारण १८ सेंटीमीटरच्या आसपासचा आहे; वरची किंमत ट्रेलरची आहे. हे माहीत नसताना मागवले तर खोके उघडल्यावर हिरमोड होतो, म्हणून ते आधीच स्पष्ट केलेले बरे.

आकार बाजूला ठेवला तर हे अतिशय समंजस आरेखन आहे. सांधे भरपूर आहेत, रूपांतर काही मिनिटांत होते, कुठेही जोर लावावा लागत नाही, आणि अंगभर ५ मिलिमीटरची छिद्रे असल्यामुळे त्याच पिढीतल्या इतर रोबोटांची शस्त्रे याला आणि याची त्यांना बसतात. ट्रेलर उभा उलगडून तळ तयार होतो, मूळ कल्पनेला धरून. उणीव साहित्यात जाणवते. प्लास्टिक हलके आहे, काही भाग मागून पोकळ आहेत, आणि रंग जिथे द्यायला हवा होता तिथे अनेकदा प्लास्टिकचाच रंग ठेवून काम भागवले आहे. हातात धरल्यावर ‘खेळणे’ हाच शब्द मनात येतो, आणि ज्याला खरोखर खेळायचे आहे, दिवसातून पुन्हा पुन्हा ट्रक आणि रोबोट करायचा आहे, त्याच्यासाठी ते शुभलक्षण आहे. खोक्यावरची वयोमर्यादा आठ वर्षांची आहे. मास्टरपीसच्या जपानी खोक्यांवर ती पंधरा वर्षांची असते. घरात मूल असेल आणि खेळणे दोघांनी मिळून हाताळायचे असेल, तर इथेच निर्णय करून टाकावा.

एमपी-१० आणि एमपी-४४

या दोघांबद्दल अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खर्च करायला तयार असलेल्या माणसाचा खरा पेच या दोघांमध्येच असतो.

मास्टरपीस मालिका २००३ मध्ये एमपी-०१ या नगाने सुरू झाली. तो सुमारे ३० सेंटीमीटर उंच होता आणि त्यात धातूचे भाग मोठ्या प्रमाणात वापरले होते. पुढच्या वर्षी हॅस्ब्रोने तोच अमेरिकेत विकला तेव्हा सुरक्षेच्या कारणास्तव त्याच्या धुराच्या नळ्या आखूड केल्या, आणि तेव्हापासून जपानी आवृत्ती की अमेरिकन आवृत्ती हा संग्राहकांच्या चर्चेचा कायमचा विषय झाला. पण एमपी-०१ एकटा होता; त्याच्या शेजारी त्याच मापाच्या मोटारी उभ्या करता येत नव्हत्या. हासुई शोगो यांनी आरेखित केलेला एमपी-१० आकाराने लहान केला गेला तो याच कारणाने. त्याच्या मापाला धरून पुढे लॅम्बोर्गिनी काउंटाचच्या रूपातला एमपी-१२, डॅटसनच्या पोलीस गाडीतला एमपी-१७, फोक्सवॅगन बीटलमधला एमपी-२१ असे नग आले, तेही मोटार कंपन्यांचे अधिकृत परवाने घेऊन. एकसमान प्रमाणाचे शेल्फ ही कल्पना मालिकेत रुजली ती एमपी-१० मुळे.

एमपी-१० ट्रकच्या रूपात टेबलावर ठेवून न्याहाळला, तर प्रथम डोळ्यांत भरते ती त्याची घट्ट बसलेली आकृती. फटी बारीक आहेत, चाके रबरी आहेत, आणि ट्रक खराच ट्रक वाटतो. खालून पाहिल्यावरही आतला रोबोट फारसा उघडा पडत नाही. मग मागचा भाग ओढून लांब केला की ते पाय असल्याचे ध्यानात येते. मागची चाके पोटऱ्यांजवळच राहतात, ती लपवण्याची धडपड केलेली नाही. केबिनच्या बाजू हात म्हणून सुटतात, जाळी खाली जाऊन पोटावर येते, आणि समोरच्या काचा आहेत तिथेच राहून छाती होतात. प्रत्येक टप्प्यावर पुढचा भाग कुठे जायला हवा हे आधीच्या भागाकडे पाहून उमगते, आणि भाग जागेवर बसल्याचा ‘कट्’ असा आवाज बोटांना जाणवतो. दोन-तीन वेळा करून पाहिल्यावर सूचनापत्र बाजूला ठेवता येते. छाती उघडली की आत मेट्रिक्सचा, म्हणजे कथेत ऑप्टिमस छातीत बाळगतो त्या शक्तिशाली वस्तूचा, छोटा नग आहे, तो काढून रोबोटच्या हातांत देता येतो. ट्रेलर तळात उलगडतो आणि मिटलेल्या ट्रेलरमध्ये त्याच मालिकेतली एक मोटार मावते. डायक्लोनच्या ट्रेलरचा हेतू इतक्या वर्षांनी इथे नीट पूर्ण झाला, असे मी आनंदाने म्हणेन.

एमपी-४४ ने दुसरी बाजू घेतली. त्याचे इमान चित्राशी आहे. कार्टूनमधल्या ऑप्टिमसची सडपातळ कंबर, गुळगुळीत मांड्या आणि चाकांचा कमीत कमी मागमूस ठेवणारे पाय हे सगळे प्लास्टिकमध्ये आणायचे, आणि तरीही ट्रक व्हायला हवा, अशी अट स्वतःला घालून तो घडवला गेला. अभियांत्रिकी म्हणून हे थक्क करणारे काम आहे. रोबोटच्या रूपात त्याच्याइतका हुबेहूब कार्टूनचा ऑप्टिमस या चौघांत दुसरा नाही; सांधे विपुल आहेत, खांदे पुढे येतात, कंबर वळते, आणि धावण्याची पोझसुद्धा तोल न जाता देता येते.

परंतु या अटीची किंमत रूपांतराने चुकवली आहे. जे चित्रात नाही ते सर्व कुठेतरी दडवावे लागते, आणि दडवण्याचा मार्ग म्हणजे प्लास्टिकचे पातळ पत्रे: उघडायचे, वळवायचे, पुन्हा मिटायचे, मग त्यावर दुसरा मिटायचा. एखादा पत्रा चुकीच्या क्रमाने मिटला की पुढचा अडतो, आणि अडलेल्या ठिकाणी जोर लावायची छाती होत नाही, कारण नग अतिशय महाग आहे. परिणामी बहुतेकांकडे एमपी-४४ एकदा रोबोट होतो आणि कायमचा रोबोटच राहतो. या वर्तनाला दोष देता येत नाही, पण मग आपण रूपांतर होणारे खेळणे घेतले की न होणारे, हा प्रश्न शिल्लक राहतो. ट्रकच्या रूपातही एमपी-१० चा सलगपणा त्याच्यात नाही. अनेक छोट्या पत्र्यांच्या जोडरेषा पृष्ठभागावर दिसत राहतात.

माझा कौल म्हणूनच निःसंदिग्धपणे एमपी-१० ला आहे. तो जुना आहे, त्याची कोपरे-गुडघ्यांची हालचाल एमपी-४४ पेक्षा मर्यादित आहे, आणि चेहरा कार्टूनशी शंभर टक्के जुळत नाही. पण ट्रक, रोबोट आणि मधला प्रवास या तिन्ही गोष्टी सारख्याच ममतेने घडवलेल्या मला त्याच्यातच दिसतात. ‘मॅक्रॉस’ या जपानी कार्टून मालिकेतल्या रूप बदलणाऱ्या विमानांमुळे ओळखले जाणारे आणि डायक्लोनच्या मोटारींच्या आरेखनातही सहभागी असलेले कावामोरी शोजी लेगोच्या ठोकळ्यांतून रूपांतर हाताने करून पाहत, मगच आराखडा पक्का करत. रूपांतर आधी हाताला पटले पाहिजे, ही ती शिस्त. एमपी-१० मध्ये ती जाणवते. एमपी-४४ घ्यावा तो ज्याला कार्टूनमधली मूर्ती शेल्फवर हवी आहे आणि ट्रक महत्त्वाचा वाटत नाही त्याने. त्याच्यासाठी तो उत्तमच आहे.

किंमत, कर आणि नकला

भारतात राहणाऱ्याने छापील किमतीवरून अंदाज बांधू नये. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले आहे. परिणामी दुकानात सहज मिळणारा माल मर्यादित असतो आणि मास्टरपीससारखे नग बहुतेक वेळा परदेशातून मागवावे लागतात किंवा इथल्याच संग्राहकांकडून घ्यावे लागतात. परदेशातून मागवताना खेळण्याची किंमत, टपालखर्च आणि कर हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मगच तुलना करावी. ट्रेलरमुळे खोके मोठे होते आणि टपालखर्च खोक्याच्या आकारावरही ठरतो, हे अर्थराइज आणि सी-०१ च्या बाबतीत विशेष जाणवते. म्हणूनच ट्रेलरची ओढ नसेल तर सी-०२ चा विचार गंभीरपणे करावा.

एमपी-१० च्या नकला भरपूर आहेत. काही त्याच मापाच्या, काही मुद्दाम मोठ्या केलेल्या आणि धातूचे भाग घालून जड केलेल्या. जड नकला हातात भारदस्त वाटतात आणि कित्येकांना आवडतात, हे मी नाकारत नाही. तरीही त्या घेऊ नयेत असे माझे मत आहे. एकतर दुसऱ्याच्या साच्यावरची ती उचलेगिरी आहे. दुसरे म्हणजे, मूळ आराखडा ज्या वजनासाठी केला होता त्यापेक्षा जास्त भार सांध्यांवर पडतो आणि ते लवकर सैल होतात. ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात ते स्वतंत्र आरेखनाचे, पण विनापरवाना रोबोट हा निराळा विषय आहे आणि त्यात खरोखर प्रतिभावान काम झालेले आहे. पण पहिल्याच खरेदीसाठी तो रस्ता धरू नये.

घरी आणल्यावर सांभाळायचे ते ऊन आणि दमट हवा. एबीएस प्लास्टिक, विशेषतः पांढरे आणि फिकट करडे, उन्हात पिवळे पडते, तेव्हा खिडकीसमोरचे शेल्फ टाळावे. मुंबई आणि कोकणच्या पावसाळ्यात स्टिकरच्या कडा सुटतात, स्क्रू आणि स्प्रिंग गंजतात. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. संग्रह पुढे वाढवताना १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे वापरलेल्या, चकाकती भुकटी मिसळलेल्या सोनेरी प्लास्टिकचे जुने नग मात्र पैसे मोजण्याआधी नीट पाहावेत, कारण ते प्लास्टिक वयानुसार ठिसूळ होऊन नुसत्या स्पर्शानेही तुटते. ऑप्टिमसच्या या चार नगांत तो धोका नाही.

वापरलेला एमपी-१० घेणार असाल तर विक्रेत्याकडे रोबोटच्या पोझमधली छायाचित्रे मागण्यापेक्षा ट्रकच्या रूपातले, खालच्या बाजूने घेतलेले छायाचित्र मागावे. सगळे भाग नीट मिटत असतील तर फटी बारीक दिसतात. एखादी खुंटी तुटलेली असेल किंवा नग नकली असेल तर बहुधा तिथेच ते उघडे पडते. त्यासोबत छातीच्या आतले मेट्रिक्स, बंदूक आणि ट्रेलरमधली छोटी गाडी एकत्र मांडून काढलेले छायाचित्रही मागावे, कारण हे सुटे भाग नंतर वेगळे शोधायला गेल्यास सहजासहजी मिळत नाहीत.